पोटाची ऑपरेशनं आणि मधुमेह : थीसिसमध्ये साखर कधी मोजायची, गुंतागुंत कशी मोजायची?

रेसिडेंट_मराठवाडा

नमस्कार सर्व सर-मॅडम.

एमएस जनरल सर्जरीच्या थीसिसचा सिनॉप्सिस (आराखडा) एथिक्स कमिटीपुढे ठेवायचा आहे. विषय : मधुमेहाचा पोटाच्या ऑपरेशनच्या निकालावर होणारा परिणाम. सध्या कागदावर आहे ते असं. १८ महिन्यांत ५० मधुमेही आणि ५० मधुमेह नसलेले पेशंट. इमर्जन्सी आणि ठरवून केलेली, दोन्ही ऑपरेशनं घ्यायची. हर्निया, पित्ताशय, अपेंडिक्स, पर्फोरेशन (जठराला किंवा आतड्याला पडलेलं भोक), आतडं कापून जोडणं, सगळं. एचबीए१सी (आधीच्या तीन महिन्यांच्या साखरेची रक्ततपासणी) फक्त मधुमेही गटात. दोन्ही गटांत केसपेपरवरच्या सगळ्या साखरांची सरासरी. निकाल म्हणून जखमेचा संसर्ग, आतड्याचा जोड लीक होणं, मुक्काम आणि मृत्यू. ज्यांना मधुमेहाच्या जुन्या गुंतागुंती आहेत (मूत्रपिंड, मज्जातंतू, डोळे) त्यांचं वेगळं विश्लेषण.

५०-५० पुरतील का? पूर्ण मुक्कामातल्या साखरेची सरासरी चालेल का? संसर्गाची व्याख्या कोणती धरू? आणि मज्जातंतू-डोळ्यांच्या तपासण्या सर्जरीच्या वॉर्डात कितपत जमतात?

---

अंत्रसंधी

सर्वात आधी गटांची विभागणी मोडा. "मधुमेही" आणि "मधुमेह नसलेले" हे दोन गट केसपेपरवर दिसतात तितके वेगळे नसतात. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह सर्वेक्षणाच्या २०२३ साली आलेल्या निष्कर्षांत भारतातल्या प्रौढांत मधुमेह ११.४ टक्के आणि मधुमेहपूर्व अवस्था १५.३ टक्के निघाली. यातल्या कित्येकांना आपल्याला साखर आहे हेच ठाऊक नसतं. एचबीए१सी फक्त एका गटात केलंत तर हे सगळे तुमच्या "निरोगी" गटात बसतील, दोन्ही गटांतला फरक पुसट होईल आणि तुम्ही लिहाल की मधुमेहाने काही फरक पडत नाही. एचबीए१सी शंभर टक्के पेशंटांत करा. बजेट तुटपुंजं असेल तर दुसरं काही कापा, हे नाही.

दुसरी गोष्ट, ऑपरेशनच्या ताणाने वाढलेली साखर. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या स्कोॲप या शस्त्रक्रियांच्या नोंदवहीतून २०१३ साली ११,६३३ पेशंटांचा अभ्यास आला, मोठ्या आतड्याची आणि स्थूलतेची ऑपरेशनं. ऑपरेशनच्या आसपास साखर १८० च्या वर गेलेल्यांत संसर्ग, पुन्हा ऑपरेशन आणि मृत्यू तिन्ही वाढले, आणि हे मधुमेह नसलेल्यांतही दिसलं. त्याच नोंदवहीच्या २०१५ च्या विश्लेषणात तर तितक्याच वाढलेल्या साखरेला मधुमेह नसलेल्यांचे निकाल जास्त वाईट होते. म्हणजे मोजायच्या गोष्टी दोन आहेत. आधीच्या तीन महिन्यांची साखर एचबीए१सी सांगतं. ऑपरेशनच्या वेळची साखर वेगळी मोजावी लागते. "मधुमेह : होय/नाही" या एका रकान्यात दोन्ही कोंबल्या की एकीचंही उत्तर मिळत नाही.

ऑपरेशनांची खिचडीही नको. हर्नियाची जखम स्वच्छ, पर्फोरेशनची घाण. संसर्गाचा मूळ धोकाच कित्येक पटींनी वेगळा. एका गटात दोन-चार पर्फोरेशन जास्त पडले तर साखरेचा परिणाम त्याखाली गाडला जाईल. माझ्या मते फक्त मध्यरेषेतली लॅपरोटॉमी (छेद घेऊन पोट उघडणं) घ्या. इमर्जन्सी ठेवायची तर ठेवा, पण जखमेचा वर्ग (स्वच्छ, स्वच्छ-दूषित, दूषित, घाण) सर्जनने ऑपरेशन नोटमध्ये त्याच दिवशी लिहिलेला हवा. नंतर आठवून भरलेला वर्ग संसर्ग झाला की "घाण" होतो. सोबत एएसए श्रेणी (भुलेआधीच्या प्रकृतीची), बीएमआय, अल्ब्युमिन, ऑपरेशनची मिनिटं, धूम्रपान, ऑपरेशन करणाऱ्याचा दर्जा आणि पहिल्या अँटिबायोटिकची वेळ. सेफाझोलिन हे अँटिबायोटिक छेद घेण्याआधी ६० मिनिटांच्या आत गेलं का, ऑपरेशन चार तासांपुढे गेलं तर पुन्हा दिलं का, हे दोन रकाने हवेतच. पोट शिवण्याआधी हातमोजे आणि हत्यारं बदलली का हाही ठेवा. २०२२ च्या चीता ट्रायलमध्ये (सात देश, भारत त्यात होता, १३,३०१ पेशंट) एवढ्या एका बदलाने जखमेचा संसर्ग १८.९ वरून १६ टक्क्यांवर आला. एक युनिट बदलतं आणि दुसरं बदलत नाही, तर तो फरक तुमच्या निकालात शिरणारच.

संसर्गाची व्याख्या सीडीसीची (अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था) धरा : वरवरचा, खोल, आणि अवयव किंवा पोकळीतला, असे तीन प्रकार, लॅपरोटॉमीला ३० दिवस. दोन चुका नेहमी होतात. जखमेभोवती नुसती लाली किंवा सूज असली तर ती या व्याख्येत बसत नाही, आणि एका टाक्यापुरता पू हाही संसर्ग धरत नाहीत. पर्फोरेशनमध्ये पोटात पू आधीच असतो, त्यामुळे पोकळीतला संसर्ग "नवीन" ठरवणं अवघड. तिथे मुख्य निकाल म्हणून वरवरचा आणि खोल संसर्गच घ्या, पोकळीतला वेगळ्या तक्त्यात द्या.

लीकबाबत एक सापळा : मधुमेही पेशंटबद्दल सगळेच जास्त सावध असतात, म्हणून त्यांचा सीटी लवकर होतो आणि लहान लीक त्यांच्यातच सापडतात. सीटी कोणत्या कारणाने करायचा (उदा. तिसऱ्या दिवसानंतर ताप, नाडी १०० च्या वर, ड्रेनमधून विष्ठा किंवा पित्त) ते आधी लिहा आणि दोन्ही गटांना तेच लावा.

क्लॅव्हिएन-डिंडो श्रेणी (ऑपरेशननंतरची गुंतागुंत किती गंभीर ते सांगणारी) वापरणार असाल तर इन्सुलिनचं आधीच ठरवा. त्या पद्धतीत ठरावीक औषधं सोडून दुसरं औषध लागलं की श्रेणी दोन. शब्दशः लावलंत तर ऑपरेशननंतर इन्सुलिन घेणारा प्रत्येक मधुमेही आपोआप श्रेणी दोन होईल आणि तुमचा निष्कर्ष मोजण्याआधीच ठरलेला असेल. नुसत्या साखरेसाठी दिलेलं इन्सुलिन गुंतागुंत धरणार नाही, असं सिनॉप्सिसमध्ये स्पष्ट लिहा. मुक्कामाचंही तसंच : दुसऱ्या दिवशी दगावलेल्या पेशंटचा मुक्काम सर्वात कमी भरतो, आणि मधुमेही कित्येकदा फक्त साखर आटोक्यात यावी म्हणून थांबतात. ऑपरेशननंतर "घरी जाण्यालायक" झाल्याची तारीख घ्या, प्रत्यक्ष डिस्चार्जची नाही.

---

संख्याघर

५०-५० पुरत नाहीत. हिशोब मांडतो.

समजा मधुमेह नसलेल्यांत संसर्ग १० टक्के आणि मधुमेहींत २० टक्के अपेक्षित आहे. दुप्पट फरक म्हणजे वैद्यकीयदृष्ट्या मोठाच. ५ टक्के अल्फा (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) आणि ८० टक्के पॉवर (असलेला फरक पकडण्याची शक्यता) धरली तर प्रत्येक गटात : ७.८४ × (०.१ × ०.९ + ०.२ × ०.८) ÷ (०.१ × ०.१) = १९६. दहा टक्के पेशंट पाठपुराव्यातून सुटतील असं धरून २१८. आता उलट बाजूने पाहा : ५०-५० मध्ये १० टक्क्यांसमोर जवळपास ३२ टक्के संसर्ग असेल तरच फरक पकडायची ८० टक्के शक्यता उरते. यापेक्षा लहान पण खरा फरक तुमच्या हातून बहुधा निसटेल.

लीकला मुख्य निकाल करू नका. ५ विरुद्ध १० टक्के धरले तरी प्रत्येक गटात ४३२ जोड लागतात. एका युनिटला १८ महिन्यांत ते अशक्य. लीक नोंदवा, टक्केवारी आणि विश्वासमर्यादा द्या, पी-व्हॅल्यूच्या मागे लागू नका.

यातून वाट आहे. गट पाडूच नका. सलग येणाऱ्या सगळ्या पात्र लॅपरोटॉमी घ्या आणि एचबीए१सी आकडा म्हणूनच ठेवा. ६.४ आणि ६.६ यांना वेगळ्या डब्यात आणि ६.६ आणि ११ यांना एकाच डब्यात टाकलं की निम्मी माहिती तिथेच सांडते. वाढता परिणाम सरळ रेषेत आहे की ८ च्या पुढे वळतो, हे स्प्लाइन (वळू शकणारी रेषा) लावून दिसतं. सलग पेशंट घेतल्याने "सोयीचे" निवडल्याचा आक्षेपही येत नाही.

मॉडेलमध्ये किती घटक घालायचे ते पेशंटांवर ठरत नाही, घटनांवर ठरतं. ढोबळ नियम, दहा संसर्गांमागे एक घटक. २०० पेशंटांत ३० संसर्ग झाले तर तीनच : एचबीए१सी, जखमेचा वर्ग आणि अजून एक. पंधरा घटक घालून आलेला ऑड्स रेशो (घडण्या-न घडण्याच्या प्रमाणांचं गुणोत्तर) वाळूवर उभा असतो. घटक आधी ठरवा. एकेकट्या चाचणीत पी ०.०५ च्या खाली आलं म्हणून उचलू नका.

आणि ऑड्स रेशोला "इतक्या पट धोका" म्हणू नका. १० विरुद्ध २० टक्क्यांत धोक्याचं गुणोत्तर २ आहे, ऑड्स रेशो २.२५. संसर्ग जितका वारंवार, तितकी ही तफावत वाढते, आणि लॅपरोटॉमीत तो वारंवार असतोच. थेट धोक्याचं गुणोत्तर हवं असेल तर रोबस्ट व्हेरियन्स लावलेलं पॉइसाँ रिग्रेशन करा.

पूर्ण मुक्कामाच्या सरासरी साखरेबद्दल : मुळीच नको. जखमेत पू झाला की साखर वाढते. सातव्या दिवशी संसर्ग, आठव्या-नवव्या दिवशी साखर २८०, आणि ती सरासरीत धरून तुम्ही म्हणणार की साखर वाढल्यामुळे संसर्ग झाला! कारण आणि परिणाम उलटे लागतात. साखरेची खिडकी ऑपरेशनपासून ४८ तास, बस. त्या ४८ तासांच्या आत लीक किंवा पुन्हा ऑपरेशन झालं तर त्या क्षणापुढच्या साखरा वगळा.

साधी सरासरीही फसवते, कारण साखर जास्त असली की माणसं ती वारंवार तपासतात. उदाहरण : ० तासाला २४०, १ तासाला २३०, २ तासांना २२०, मग थेट १२ तासांना १४०. साधी सरासरी २०७.५. वेळेच्या प्रमाणात काढली तर २३५ + २२५ + (१८० × १०) = २,२६०, भागिले १२ = १८८. एकाच पेशंटची साखर एका हिशोबात १८० च्या बरीच वर, दुसऱ्यात थोडीशीच वर. "सर्वाधिक साखर" तर आणखी वाईट, जितक्या वेळा तपासाल तितकी ती वाढते. म्हणून वेळापत्रक सगळ्यांना एकच हवं.

---

भूलतज्ज्ञ_पश्चिम

वेळापत्रकाचं मी सांगते. भूल देण्याआधी, ऑपरेशन चालू असताना दर तासाला, रिकव्हरीत एकदा, मग तोंडाने काही देत नाही तोवर दर ४ तासांनी, खाणं सुरू झाल्यावर प्रत्येक जेवणाआधी आणि झोपताना. मधुमेह नसलेल्यांनाही हेच. रात्री २ ची साखर वॉर्डात हमखास सुटते, म्हणून सिस्टरांच्या चार्टवर वेळा छापूनच द्या आणि "घेतली नाही" असा रकाना ठेवा. तो नसला की सकाळी अंदाजाने आकडे भरले जातात.

ग्लुकोमीटरच्या मर्यादा प्रोटोकॉलमध्ये लिहा. आयएसओच्या २०१३ च्या निकषाप्रमाणे १०० च्या खाली १५ मिलिग्रॅम आणि १०० च्या वर १५ टक्क्यांचा फरक चालतो. म्हणजे १८० खरी असताना यंत्र १५३ ते २०७ काहीही दाखवू शकतं. हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) कमी असला तर बरीच यंत्रं साखर जास्त दाखवतात. रक्तदाब खाली गेलेला असेल किंवा नॉरॲड्रेनॅलिन (रक्तदाब वाढवणारं औषध) चालू असेल तर बोटाच्या टोकाचं रक्त भरवशाचं नाही. तिथे धमनीतलं रक्त घेऊन एबीजी (रक्तातले वायू मोजणाऱ्या) यंत्रावर करा. सगळ्यात साधी चूक : ज्या हाताला डीएनएस (ग्लुकोज असलेलं सलाइन) चालू आहे त्याच हातातून नमुना. ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं. अशी ४२० आली की इन्सुलिन दिलं जातं आणि तासाभराने पेशंट घामाघूम. कोणता द्रव, किती मिली, याची नोंद मधुमेह नसलेल्यांतही ठेवा, कारण त्यांची "ताणाची" साखर कित्येकदा बाटलीतून आलेली असते.

डेक्सामेथासोनचा (हे एक स्टेरॉइड) रकाना विसरू नका. उलटी होऊ नये म्हणून भुलेच्या वेळी ८ मिलिग्रॅम दिलं की पुढे दिवसभर साखर चढी राहू शकते. संसर्ग मात्र त्याने वाढत नाही, असं २०२१ च्या पॅडी ट्रायलने दाखवलं : ८,७२५ पेशंट, डेक्सामेथासोन गटात संसर्ग ८.१ टक्के, प्लासिबोत ९.१. त्यात मधुमेहीही होते. म्हणजे हा रकाना नसेल तर तुमच्याकडे साखर वाढलेले पण धोका न वाढलेले पेशंट मिसळतील आणि साखरेचा परिणाम कमी दिसेल.

एसजीएलटी२ गटाची मधुमेहाची औषधं (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन) ठरवलेल्या ऑपरेशनआधी किमान ३ दिवस बंद हवीत, अर्टुग्लिफ्लोझिन ४ दिवस. इमर्जन्सीत ती वेळ मिळत नाही, म्हणून शेवटची गोळी कधी घेतली हे दाखल होतानाच विचारा. पेशंटला औषधाचं नाव आठवत नसतं, तेव्हा नातेवाइकांना गोळ्यांची पाकिटं आणायला सांगा. या औषधांवर कीटोॲसिडोसिस (कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होणं) साखर २०० च्या खाली असतानाही होतो. पोट दुखणं, उलट्या, जलद श्वास, वाढलेली नाडी ही लक्षणं ऑपरेशनआधी पेरिटोनायटिससारखी (पोटाच्या आतल्या आवरणाची सूज) दिसतात आणि चौथ्या दिवशी लीकसारखी. साखर १७० आहे म्हणून कीटोन केलेच नाहीत, आणि पोट पुन्हा उघडलं, अशी चूक इथे होऊ शकते. लीकचा संशय आणि हे औषध दोन्ही असतील तर रक्तातलं बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट (एक कीटोन) करा. ३ मिलिमोलच्या वर असेल तर आधी ते सांभाळा, पण सीटी टाळू नका, दोन्ही एकत्र असू शकतात.

शेवटी एथिक्स कमिटी हमखास विचारेल : साखर ३०० दिसली तर तुम्ही नुसती लिहून ठेवणार का? उत्तर प्रोटोकॉलमध्ये हवं. लक्ष्य १०० ते १८०. त्याहून घट्ट नको. २००९ च्या नाइस-शुगरमध्ये (६,१०४ अतिदक्षता पेशंट) ८१ ते १०८ लक्ष्य ठेवलेल्या गटात ९० दिवसांत २७.५ टक्के मृत्यू, १८० पर्यंत मोकळीक दिलेल्या गटात २४.९. तीव्र हायपोग्लायसेमिया ६.८ विरुद्ध ०.५. सलग स्लाइडिंग स्केलवरही (साखर वाढलेली दिसली की तेवढ्यापुरतं इन्सुलिन) ठेवू नका. जनरल सर्जरीच्या टाइप २ पेशंटांतल्या रॅबिट-२ सर्जरी अभ्यासात (२०११, २११ पेशंट) स्लाइडिंग स्केल गटात गुंतागुंत २४.३ टक्के, बेसल-बोलस (दिवसभराचं पायाभूत आणि जेवणाआधीचं इन्सुलिन) गटात ८.६. तिथे सुरुवात दिवसाला किलोमागे ०.५ युनिटने होती, निम्मं ग्लार्जिन (दीर्घकाळ चालणारं, म्हणजे बेसल) आणि निम्मं जेवणाआधीचं; ७० वर्षांपुढे किंवा क्रिएटिनिन २ च्या वर असेल तर ०.३. जेवण नसेल तर जेवणाआधीचा डोस नाही, पण बेसल चालू. कोणत्या पेशंटला कोणती पद्धत मिळाली आणि साखर ७० च्या खाली कितीदा गेली, दोन्ही लिहा.

---

रेसिडेंट_मराठवाडा

खूप आभार. गट काढून सलग लॅपरोटॉमी घेतो, ४८ तासांची खिडकी आणि वेळेच्या प्रमाणातली सरासरी. एक शंका : पर्फोरेशन आणि अडथळ्याचे बरेच पेशंट ॲनिमिक असतात आणि काहींना रात्रीच रक्त चढवतात. त्यांचं एचबीए१सी धरायचं का?

---

प्रयोगशाळा_विदर्भ

रक्त चढवल्यावर घेतलेलं धरू नका. दात्याच्या पेशींचं एचबीए१सी मिसळून आकडा बहुतेकदा खाली येतो. सोपा उपाय : कॅज्युअल्टीत सीबीसीसाठी जांभळ्या टोपीची ईडीटीए ट्यूब जातेच, त्याच ट्यूबमधून करा. वेगळं टोचावं लागत नाही. रात्री यंत्र बंद असेल तर ट्यूब २ ते ८ अंशांवर ठेवा, सकाळी चालते. गोठवणीच्या कप्प्यात नको.

ॲनिमियाचे दोन प्रकार उलट दिशांना ओढतात. लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी खोटं वाढतं. पेशी लवकर फुटत असतील, नुकताच रक्तस्राव झाला असेल किंवा एरिथ्रोपॉइटिन (तांबड्या पेशी वाढवणारं औषध) चालू असेल तर खोटं कमी होतं. म्हणून हिमोग्लोबिन आणि एमसीव्ही (तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान) शेजारच्या रकान्यात, आणि हिमोग्लोबिन ८ च्या खाली असलेल्यांना वगळून विश्लेषण एकदा पुन्हा करा. निष्कर्ष बदलला तर ते लिहा.

आमच्या बाजूला, आणि नंदुरबारकडेही, सिकलचा प्रश्न आहे. सिकलसेलचा रुग्ण असेल तर एचबीए१सीला अर्थच उरत नाही. वाहक असेल तर पद्धतीवर अवलंबून. एचपीएलसी या तपासणी-पद्धतीच्या आलेखात वेगळं शिखर दिसतं, म्हणून नुसता आकडा घेऊ नका, आलेख मागवा. अशांना फ्रुक्टोसामीन करता येतं, ते मागच्या दोन-तीन आठवड्यांचं सांगतं, पण अल्ब्युमिन फार खाली असेल तर तेही चुकतं. आणि प्लाझ्मा ग्लुकोजची राखाडी ट्यूब वॉर्डात पडून राहू देऊ नका. तिच्यातलं फ्लोराइड लगेच काम करत नाही, पहिल्या तास-दोन तासांत साखर उतरतच राहते.

---

अंत्रसंधी

जुन्या गुंतागुंतींचं राहिलं होतं. इमर्जन्सी पेशंटमध्ये लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर करू नका. ताप, संसर्ग आणि कॅथेटर सगळेच ते वाढवतात. मूत्रपिंडासाठी आधीचं क्रिएटिनिन शोधा. जुना रिपोर्ट नसेल तर दाखल होतानाचं "मूळ" धरू नका, तो पेशंट कोरडा पडलेला असतो. ऑपरेशननंतरच्या किडनीच्या इजेला केडिगोची (मूत्रपिंडविकारांचे निकष ठरवणारी संस्था) व्याख्या : क्रिएटिनिनमध्ये ४८ तासांत ०.३ ची वाढ, किंवा ७ दिवसांत दीडपट.

पायांसाठी १० ग्रॅमचं मोनोफिलामेंट (स्पर्शज्ञान तपासायचा नायलॉनचा धागा). ते वाकेपर्यंतच दाबायचं, पेशंटचे डोळे मिटलेले, घट्टे पडलेली जागा टाळायची. स्वायत्त मज्जातंतूंसाठी मिनिटाला ६ श्वास घ्यायला लावून ईसीजी पट्टी काढा : श्वास आत आणि बाहेर यांतल्या नाडीच्या वेगातला फरक १५ किंवा अधिक ठीक, १० किंवा कमी बिघडलेला. पण पोट कडक झालेल्या, नाडी १३० असलेल्या माणसात ही चाचणी निरर्थक, आणि बीटा-ब्लॉकरवर असलेल्यातही. ती फक्त ठरवलेल्या ऑपरेशनांच्या उपगटात ठेवा.

डोळ्यांचा पडदा या सगळ्यांत भरवशाचा, कारण तो आजच्या तापाने किंवा सलाइनने बदलत नाही. मात्र ३० व्या दिवशी ओपीडीत बोलावून पाहू नका. दगावलेले येणार नाहीत आणि फक्त वाचलेल्यांचे डोळे मोजले जातील. नेत्रविभागाकडे हातात धरायचा फंडस कॅमेरा असेल तर मुक्कामातच खाटेवर फोटो काढून घ्या.

तिसाव्या दिवसाचा फोन ही या थीसिसची खरी कमकुवत जागा आहे. जखमेचे बरेच संसर्ग घरी गेल्यावर दिसतात आणि ड्रेसिंग गावच्या डॉक्टरांकडे होतं. दोन नंबर घ्या, एक पेशंटचा आणि एक घरातल्या ज्याच्याकडे फोन कायम असतो त्याचा. "संसर्ग झाला का?" असं विचारू नका, उत्तर "नाही, बरं आहे" असंच येतं. असं विचारा : जखमेतून पू किंवा घाण पाणी आलं का? टाके उसवले किंवा डॉक्टरांनी मोकळे केले का? कापूस-गॉझ भरावा लागला का? जखमेसाठी नव्याने गोळ्या-इंजेक्शनं दिली का, आणि त्यांचं पाकीट आहे का? एकाचंही उत्तर "हो" आलं तर जखमेचा उजेडातला फोटो मागवा आणि ओपीडीला बोलवा. प्रश्न विचारणाऱ्याला पेशंटचं एचबीए१सी माहीत नसावं. इंटर्नला फक्त नाव-नंबरांची यादी द्या. आणि सीटीआरआय (भारतातली क्लिनिकल ट्रायल नोंदवही) नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधी करा, निरीक्षणात्मक अभ्यासही तिथे नोंदवता येतो.